राखून ठेवलेला आवाज

माझ्या भाच्याला सगळे वादक 'पुन्हा एकदा' म्हणतात. तोंडावर नाही, पण म्हणतात. त्याच्या स्टुडिओत कुणी कितीही सुंदर वाजवू दे, काचेपलीकडून ह्याचा आवाज हेडफोनमध्ये येणारच, "छान झालं. पुन्हा एकदा." मग कळतं की खुर्ची कुरकुरली होती, नाहीतर गाणाऱ्याने श्वास जरा जोरात घेतला होता. श्वासाचं तर त्याला वावडंच. एकदा मी त्याला म्हटलंसुद्धा, "अरे, माणसं आहेत ती, श्वास घेणारच की." तर म्हणाला, "घेऊ देत ना मावशी, पण माइकपासून लांब." कामात असला की त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो.

स्टुडिओ म्हणजे तरी काय, एका गॅरेजच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. एकीत तो, त्याची यंत्रं आणि शिवण उसवलेली फिरती खुर्ची. दुसरीत माइक, भिंतींना फोम, खाली जुने गालिचे आणि दाराला टांगलेली जाड रजई. मधे दुहेरी काच. खाली मेकॅनिकने हातोडा उचलला की वर गाणं बंद, आणि तो डबा खायला बसला की वर सगळ्यांची घाई. पंखा लावायचा नाही, कारण माइकला तो ऐकू जातो. तरी येतात लोक. मोठ्या ठिकाणी ज्यांना कुणी दारात उभं करत नाही ते सगळे इथे येतात. स्वतःची गाणी स्वतःच लिहिणारी कॉलेजची मुलं येतात, हौशी नाटकवाले येतात, एक दंतवैद्य येतो, जो बायकोच्या वाढदिवसाला दर वर्षी एक नवं प्रेमगीत करतो आणि दर वर्षी बेसूर गातो. भाचा सगळ्यांसाठी तितकाच जीव ओततो. तो वाईट माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझा त्याच्यावरचा राग दिसेल.

आता माझं सांगते. मी बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे. मी नोकरीतून सुटले, पण माझा आवाज अजून तिथेच नोकरीला आहे. गाड्यांची नावं, फलाट, 'प्रवाशांनी आपल्या सामानाची काळजी घ्यावी', हे सगळं त्यांनी माझ्याकडून बोलून घेतलं आणि आता मशीन त्याचे तुकडे जोडून वाजवतं. भाजी घ्यायला त्या बाजूला गेले की मीच मला बजावते, सामान सांभाळा. लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात तो हा आवाज. मोठा, खणखणीत, आणि कुणाच्याच कामाचा नाही.

खरा आवाज ताईचा. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, ह्या 'पुन्हा एकदा'ची आई. आम्ही तिघं एकाच घरात राहतो. ताईने आयुष्यभर एक बालवाडी चालवली आणि त्या पोरांसाठी गाणी रचली. हात धुवायचं गाणं, सदऱ्याचं बटण लावायचं गाणं, भांडण मिटवायचं गाणं. तिचा आवाज मोठा नव्हता, जरासा घोगरट होता, पण रडणारं मूल त्या आवाजाला थांबायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यातलं एक गाणं फक्त एकाच मुलासाठी असायचं. सगळी घरी गेली आणि एकाचीच आई अजून आली नाही, की ताई त्याच्या शेजारी बाकावर बसून म्हणायची:

येणारी येणार, उशिरानं येणार,
चप्पल वाजली की तीच असणार.

मग मूल कान टवकारून चपलांचे आवाज ऐकत बसायचं. रडायचं विसरून जायचं.

ताईचा घसा बसला आणि बरा होईना, तेव्हा आम्ही डॉक्टरकडे गेलो. तिथून दुसऱ्या डॉक्टरकडे, तिथून मोठ्या इस्पितळात. शेवटी त्यांनी सांगितलं की घशातली गाठ वाईट आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल. ताई जगेल, पण बोलणार नाही. ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्याच्या अखेरची मिळाली. मी तारीख पुन्हा पुन्हा विचारत राहिले. ताईने मात्र खाली मान घालून ऐकलं, आणि रिक्षात बसल्यावर भाच्याला म्हणाली, "तुझ्या त्या माइकसमोर मला एकदा बसव. माझी गाणी राहू देत."

भाचा तेव्हा रडला, आणि रडून झाल्यावर कामाला लागला. इथेच सगळं बिघडलं. त्याने परक्या लोकांसाठी इतकी वर्षं रात्रीचा दिवस केला, आणि आता तर स्वतःची आई. त्याला ते नुसतं राहून चालणार नव्हतं, देखणं व्हायला हवं होतं. गिटार हवी, व्हायोलिन हवं, बासरी हवी. वादक सगळे त्याच्या ओळखीचे, सगळे तयार झाले.

त्याची कामाची रीत ठरलेली. आधी डमी गाऊन घ्यायची. म्हणजे गाणाऱ्याने चाल नुसती गुणगुणायची, त्यावर वादक आपापलं वाजवतात, मग डमी पुसून टाकायची आणि शेवटी गाणाऱ्याने मोकळेपणी खरं गायचं. सगळीकडे असंच करतात म्हणे.

ताईने त्याला विचारलं होतं. मी तिथेच होते. ती म्हणाली, "आधी मीच नीट गाऊन घेऊ का? वाद्यं मागून लाव."

"आई, तसं केलं की ताल हलतो. वादकांना तुझ्यामागे धावावं लागतं. घर बांधायच्या आधी कुणी रंग लावतं का?"

"मला काय कळतंय त्यातलं," ताई म्हणाली. मीसुद्धा मान डोलावली. रंगाचं मला पटलं होतं.

एका सकाळी मेकॅनिकला चहाला पिटाळून आम्ही डमी गायला बसलो. पंखा बंद, रजई ओढलेली. माइक एकच होता, कारण जे पुसायचंच त्याला दोन माइक कोण लावतो? भाचा काचेपलीकडून म्हणाला, "आई, आज अगदी हळू. डॉक्टरांनी जपायला सांगितलंय. मावशी, तू बरोबर गा, आणि मोकळ्या आवाजात गा. वादकांना सूर स्पष्ट लागला पाहिजे."

"म्हणजे माझा घसा फाटला तरी चालेल," मी म्हटलं.

"तुझा कुठे फाटतोय," ताई म्हणाली. "तो आपल्या सगळ्यांना पोचवून मग जाईल."

मग काय, मी गायले. सगळी गाणी गायले, फलाटावर उभी असल्यासारखी. ताई शेजारी ओठांतल्या ओठांत म्हणत होती, तिचा आवाज मला खांद्याला खांदा लावूनही जेमतेम ऐकू येत होता. आणि गंमत सांगते, आयुष्यात पहिल्यांदाच भाच्याने एकदाही 'पुन्हा एकदा' म्हटलं नाही. डमी होती ना. खुर्ची कुरकुरली, मी खोकले, ताई हसली, सगळं चाललं.

त्या दिवसापासून घरात आवाज राखायला सुरुवात झाली. ताईने बोलायचं नाही, सगळं खुणेने सांगायचं. पहारा माझा. फोन मी घ्यायचे, दारात मी उभी राहायचे, तिला वारासुद्धा लागू दिला नाही मी. तिला काय हवं नको ते तिच्या आधी मीच बोलायचे. एकदा ती दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होती आणि नकळत गुणगुणायला लागली. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "ताई, राखून." ती गप्प झाली. हातातला टॉवेल तिने दोनदा झटकला आणि घडी घातली. मला वाटलं, किती शहाणी आहे माझी ताई.

एकदा तिचा जुना विद्यार्थी आला. आता बाप्या झालेला, कडेवर छोटी मुलगी. म्हणाला, "बाईंचं ते उशिरा येणाऱ्या आईचं गाणं हिला ऐकवायचं होतं. मला चाल आठवते, पण हिला माझ्या तोंडून आवडत नाही. दोनच ओळी."

मी म्हटलं, "बाईंना बोलायची मनाई आहे. आता रेकॉर्डच निघणार आहे, ती घेऊन जा, रोज ऐकव." तो बिचारा लगेच मागे फिरला. मी दार लावून वळले तर ताई आतल्या दाराशी उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने. हाताने तिने विचारलं, बोलवू का परत? मी मान हलवून नाही म्हटलं. ती आत गेली.

तिकडे स्टुडिओत वाजवणं चाललं होतं. गिटारवाला एका दमात वाजवून गेला, तर ह्याने त्याला दोनदा परत बोलावलं. व्हायोलिनवालीच्या घरी तापाची साथ, ती येईना. बासरीवाल्याचा श्वास ऐकू येतो म्हणून सगळं पुन्हा. मी एकदा विचारलं, "अरे, ताईला कधी बोलावतोस?" तर म्हणाला, "मावशी, आता फक्त व्हायोलिन राहिलंय. मग आई येईल आणि सगळं तिच्यापुढे मांडलेलं असेल. ती फक्त गाईल." त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मी पुढे बोललेच नाही. व्हायोलिनही झालं. रविवारी ताईचं गाणं ठरलं. खाली गॅरेजला सुट्टी असते.

शुक्रवारी सकाळी ताईला श्वास घेता येईना. घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला आणि ओठ काळेनिळे पडले. इस्पितळात नेल्याबरोबर त्यांनी श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं, आणि गाठ वाढलीय, आता थांबता येणार नाही म्हणून दोन दिवसांत ऑपरेशनही उरकलं. आत नेताना ताईने माझा हात धरला. तिचे ओठ हलले, पण तोंडातून हवाच येत नव्हती, ती खालून, गळ्यातूनच जात होती. काय म्हणाली ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही.

ती वाचली. डॉक्टर म्हणाले, छान झालं ऑपरेशन. 'छान झालं' ऐकल्यावर मी सवयीने पुढच्या शब्दांची वाट पाहिली.

ताई इस्पितळातच होती तेव्हा एका दुपारी मी भाच्याला जेवण द्यायला स्टुडिओत गेले. तो खुर्चीत बसून ती वाद्यं ऐकत होता. खरं सांगते, इतकं सुंदर वाजवलेलं मी ऐकलं नव्हतं. आणि मधोमध रिकामं. बासरी थांबायची, व्हायोलिन थांबायचं, जिथे ताईने यायचं तिथे सगळे थांबायचे, आणि कुणी यायचं नाही.

"मावशी," तो म्हणाला, "मी आईचा आवाज सोडून बाकी सगळं रेकॉर्ड केलं."

मला त्याचा इतका राग आला होता की वाटलं, दोन थोबाडीत द्याव्यात. पण त्याने मान टेबलावर टेकली, आणि मग मी डबा बाजूला ठेवून त्याच्या डोक्यावर हात ठेवला. काय बोलणार? पहारा तर माझाच होता.

मग त्यानेच म्हटलं, डमी आहे. पुसायची राहिलीय.

आम्ही ती लावली. एक गाणं लावलं, दुसरं लावलं. सगळीकडे मी. माझा मेला बसस्टँडचा आवाज, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आणि त्याच्या खाली, फार खाली, काहीतरी हलल्यासारखं. ताई. भाच्याने आवाज वेगळे करायचा प्रोग्रॅम लावला, खटपट खटपट केली. मला खोडायला गेला की तीही खोडली जायची, आणि जे उरायचं ते पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखं, माणसाचं वाटेचना. मी म्हटलं, "थांब रे, नको हाल करूस तिचे." इतकी वर्षं माझा आवाज कुणी मागितला नाही, पण त्या दिवशी कुणी मागितला असता तर मी तो तिथल्या तिथे ताईला देऊन टाकला असता.

शेवटच्या गाण्यात, त्या उशिरा येणाऱ्या आईच्या, मला खोकला आला होता. मी माइकपासून बाजूला झाले होते. तिथे ताई एकटी सापडली. 'चप्पल वाजली की' एवढंच म्हटलं तिने, हळू, पण स्वच्छ. भाचा श्वास रोखून पुढे वाकला. मग ती थांबली, हसली, आणि तिचा अगदी तिचा आवाज आला, "तू गा गं. मी माझा राखून ठेवते."

त्यापुढे परत मी.

भाच्याने ते पुन्हा लावलं. मग पुन्हा. मी उठून दार उघडलं आणि बाहेर जिन्यात जाऊन बसले. खाली मेकॅनिक ठोकत होता. ठोकू दे मेल्याला, मी म्हटलं, आता काय फरक पडतो.

ताई घरी आली, गळ्याला पातळ रुमाल बांधून. तो रुमाल श्वासाबरोबर हलतो. थोडी हिंडूफिरू लागल्यावर तिने स्टुडिओत न्यायला लावलं. आम्ही आढेवेढे घेतले, पण तिच्या डोळ्यांपुढे कुणाचं चालत नाही, कधीच चाललं नाही. तिने वाद्यं ऐकली. डमीही ऐकली. 'मी माझा राखून ठेवते' आलं तेव्हा तिने भाच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही, गालिच्याकडे पाहत राहिली. मग बोटाने मला दाखवलं आणि मग माइक दाखवला.

"मी नाही," मी म्हटलं. "माझ्या आवाजात ती गाणी म्हणजे थट्टा आहे, ताई. मुलांना वाटेल गाडी सुटतेय."

तिने परत माइक दाखवला. मी तिच्याशी भांडले, चांगली भांडले, एकटीच. ज्याला बोलता येत नाही त्याच्याशी भांडून बघा, जिंकता येत नाही.

मग मी गायले. ती माझ्यासमोर स्टुलावर बसली आणि ओठांनी सगळं म्हणत राहिली, प्रत्येक शब्द. पंखा बंद होता. मी आवाज जितका खाली आणता येईल तितका आणला. शेवटच्या गाण्यात 'उशिरानं येणार' म्हणून मी थांबले, आणि त्या शांततेत तिचा श्वास आला. गळ्याशी, रुमालातून, चांगला मोठा. भाच्याने काचेपलीकडे मान वर केली. त्याचा हात बटणापाशी गेलेला मी पाहिला. मी वाट पाहत होते. त्याने हात खाली घेतला. गाणं संपल्यावर म्हणाला, "छान झालं," आणि पुढे काहीच नाही.

रेकॉर्ड निघाली. तो विद्यार्थी मुलीला घेऊन घरी आला, मीच बोलावलं होतं. मी ती लावली. ताई समोर बसली होती. मुलगी जरा वेळ ऐकत राहिली आणि बापाला म्हणाली, "बाबा, ही तर बसवाली बाई."

त्याने तिचा हात दाबला. पण ताई हसायला लागली. आवाज नाही, नुसते खांदे हलतायत आणि रुमाल उडतोय, डोळ्यांतून पाणी. मग मीही हसले. दुसरं काय करणार? मुलगी आम्हा दोघींकडे बघत होती. शेवटचं गाणं आलं, त्यात तो श्वास आला, तेव्हा तिने विचारलं, "हे कोण?"

ताईने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

"मग तुम्ही का नाही गायलात?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. तिच्या वतीने उत्तर द्यायची मला सवय आहे, कुणी काही विचारलं की माझं तोंड आधी उघडतं. तेव्हाही उघडलं. तो बाप माझ्याकडे बघत होता. त्याला दारातून परत पाठवलं होतं तो दिवस त्यालाही आठवत असणार, पण बोलला नाही, भला माणूस. त्या दिवशी ताई आतल्या दाराशी उभी होती, आवाज होता, मूल दारात होतं, दोनच ओळी मागितल्या होत्या. माइक नव्हता, एवढंच काय ते कमी होतं.

मी उठून पंखा लावला आणि विचारलं, चहा घेणार का.